घडीवरची जकात

देशातली एकच गोष्ट बदलायची मुभा मिळाली तर कोणती बदलायची, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. वर्तमानपत्राच्या धंद्यात मला पुढारी पुष्कळ भेटले. त्यांना सतरा गोष्टी बदलायच्या असत आणि पुढच्या सभेपर्यंत त्यांतल्या निम्म्या त्यांच्याच ध्यानात राहत नसत. घरमालकांची गोष्ट एकच होती. सोलापुरापासून सहा कोसांवर, तुळजापूरच्या रस्त्यावर ती दोन खुंटांवर आडवी पडलेली असे. तो एक बांबू होता.

एकोणीसशे तीस सालानंतरची ती वर्षे. सोलापूर इंग्रजी मुलखात होते आणि सहा कोसांवर मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख, सुरू होई. दोन्हीकडे माती काळीच होती, ज्वारी एकच होती आणि ती न पिकण्याची वर्षेही तीच होती. मध्ये हा बांबू, आणि त्याला लागून करोडगिरीचे नाके. पलीकडच्या राज्याची जकात तिथे घेत आणि जकात भरलेल्या मालावर शाईचा शिक्का मारत. घरमालकांची एकुलती एक बहीण बांबूपलीकडे दीड कोसावरच्या खेड्यात दिलेली होती.

घरमालक विणकर होते. भवानी पेठेतल्या त्यांच्या घरात पुढे माझी खोली आणि मागे दोन खड्डामाग होते. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसायचे, अशी त्या मागांची रीत. सारी गल्ली त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. मी खोली पाहायला गेलो तेव्हा मामा खड्ड्यात कमरेपर्यंत उतरलेले होते. हातातला धोटा त्यांनी खाली ठेवला नाही. जात विचारली नाही, पगार विचारला नाही. विचारले ते हे :

“देशात काय बदलाल?”

मी नुकताच पुण्याहून आलो होतो. माझ्याजवळ उत्तर तयार होते. शिक्षण, स्वच्छता, बालविवाह, बुवाबाजी, असे मी मोजू लागलो. मामांनी धोटा थांबवला.

“एक सांगा, पेपरवाले. मी खोली एकच देतोय.”

मी शिक्षण सांगितले. त्यांनी मान हलवली आणि दुसरा प्रश्न टाकला, “आणि ठेवाल काय?” यावर माझ्याजवळ काही नव्हते. खोली मिळाली, पण वर्षभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट करून सांगत, “ह्येंची पयल्या प्रश्नाची तयारी लई झ्याक हाय. दुसऱ्याची कुणी करूनच घेतली न्हाय.”

हे दोन प्रश्न ते कुणालाही विचारत. पोस्टमनने ‘कुत्री’ असे उत्तर दिले. ते मान्य झाले. शेजारच्या तेलंगी विणकराने बराच विचार करून ‘व्याही’ असे सांगितले. व्याही देशात मोडत नाहीत म्हणून ते फेटाळण्यात आले, आणि त्यावरून दोघांचे तीन दिवस बोलणे बंद होते. नाडी बघायला आलेल्या वैद्याला त्यांनी नाडी हातात असतानाच विचारले. वैद्य म्हणाले, “मामा, आधी ताप उतरू द्या.” मामा म्हणाले, “ताप मला हाय, देश तुमाला बी हाय की.”

त्यांचे स्वतःचे ‘ठेवायचे’ काय, हे मला दुसऱ्या वर्षी कळले. एका दुपारी अवेळी पाऊस कोसळला आणि गल्लीचे पाणी मागाच्या खड्ड्यात शिरू लागले. मागावर महिनाभराच्या कामाचा ताणा, म्हणजे उभ्या धाग्यांचा पट्टा, चढवलेला होता. कुणी कुणाला हाक मारली नाही. तेलंगी शेजारी आला, समोरचा कानडी वाणी दुकान उघडे टाकून आला, कोपऱ्यावरचा मुसलमान टांगेवाला घोडा तसाच उभा करून आला. तिघे तीन भाषांत एकमेकांवर ओरडत होते, त्यातले निम्मे कुणालाच समजत नव्हते, आणि चौघांनी मिळून तो ताणा एकही धागा भिजू न देता माळवदाच्या जिन्यात नेऊन टांगला. मग वाण्याच्या दुकानातला गूळ कुणाच्या शेळीने खाल्ला यावर जोरदार भांडण झाले. मामा ओल्या धोतरानिशी माझ्याकडे वळले. “लिवा. ह्ये ठेवायचं. भांडणासकट ठेवायचं.”

मी लिहिले नाही. वर्तमानपत्रात अशा गोष्टींना सदर नव्हते.

त्यांचा आणखी एक प्रश्नही मी छापला नाही. मोठी सभा होती. परगावच्या वक्त्यांनी स्वराज्यात काय काय होईल ते दीड तास सांगितले. शेवटी कुणाला काही विचारायचे आहे का, असे सभ्यपणाने म्हटले. तसे कुणी विचारत नसते. मामा उठले.

“सायेब, ह्ये सगळं मिळाल्यावर तुळजापूरच्या वाटंवरचा बांबू निघंल का?”

वक्त्यांनी शेजारच्यांना विचारले. शेजारच्यांनी कानात सांगितले. वक्ते म्हणाले की तो संस्थानी मुलखाचा स्वतंत्र प्रश्न आहे, त्याचा विचार यथावकाश होईल. लोक हसले. मागून कुणीतरी ओरडले, “मामा, आख्खा देश अडकलाय आन् तुमाला बांबूची पडलीया व्हय!” मामा उभेच राहिले. “देश कुटं अडकलाय ते मला दिसत न्हाय बाबा. माझी भन कुटं अडकलीया ते दिसतंय.” दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून सभेचा वृत्तान्त वाचून घेतला. त्यांचा प्रश्न त्यात नव्हता. जागा नव्हती, असे मी म्हणालो. ते खरे होते. मामा एवढेच म्हणाले, “बांबूला जागा हाय. प्रश्नाला न्हाय.”

मामांच्या बांबूशी असलेल्या भांडणाचे मूळ लुगड्यात होते. मामा दरवर्षी भाऊबीजेसाठी बहिणीचे लुगडे स्वतः विणत. गिऱ्हाइकाचे काम बाजूला पडले तरी ते पडत नसे. पहिल्यांदा ते घेऊन गेले तेव्हा नाक्यावरच्या मुन्शींनी रिवाजाप्रमाणे जकात मागितली. मामांनी ओवाळणीवर जकात द्यायचे साफ नाकारले आणि बांबूखाली मांडी घालून बसले. मुन्शी सज्जन होते. पानदान घेऊन तेही बाहेर येऊन बसले. तासभर कायद्याचा खल झाला. बोलता बोलता मुन्शी म्हणून गेले, “मामा, बदन के कपडे पे जकात नहीं. ये घडी पे है.”

मामा ताडकन उठले. बहिणीला निरोप गेला, ती बांबू ओलांडून अलीकडे आली. अलीकडच्या बाजूला एका म्हातारीची पाणपोई होती. तिच्या झोपडीत जाऊन बहिणीने नेसत्या लुगड्यावर नवे लुगडे नेसले आणि नऊवारीवर नऊवारी अशी गादीच्या वळकटीसारखी बाहेर आली.

“दादा, मला पाय उचलंना.”

“चार पावलं टाक गं. बांबूपल्याड गेलीस की सोड.”

ती चार पावले तिने हसत, मामांचा खांदा धरून टाकली. मुन्शींनी वही मिटली आणि म्हणाले, “बाई की तबियत सालभर में अच्छी सुधरी!” पुढे हा दरवर्षीचा सोहळाच झाला. भाऊबीजेला पाणपोईच्या झाडाखाली बहीण भावाला ओवाळी, झोपडीत जाऊन जाडी होई आणि मुन्शींसमोरून पलीकडे जाई. मी दोनदा बरोबर होतो. मामांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे दिसे ते मी कुठल्याही विजयी उमेदवाराच्या चेहऱ्यावर पाहिलेले नाही. परतताना ते सांगत, “एक पै दिली न्हाय. देणार बी न्हाय. ह्यो बांबू निघंस्तवर न्हाय.” नऊ वर्षे त्यांनी ते पाळले.

दहाव्या वर्षीची दिवाळी बारा दिवसांवर होती. हंगाम वाईट गेला होता, गिरण्यांतून माणसे कमी होत होती आणि हातमागाच्या कापडाला उठाव नव्हता. मामांनी हिरवे लुगडे आदल्याच दिवशी मागावरून उतरवले होते. त्याला खळीचा वास येत होता. भर दुपारी एक माणूस सायकल हातात धरून चालत गल्लीत आला. चाक वाटेत पंक्चर झाले होते. तो मामांच्या मेहुण्याचा पुतण्या होता. दारातच उभे राहून त्याने सांगितले की काकू सकाळी गेल्या. तीन दिवसांचा ताप होता. “समदी खोळंबल्यात. म्हायेरचं लुगडं आल्याबिगर उचलता येत न्हाय. दिवस बुडायच्या आत या.”

सवाष्ण गेली तर तिच्या अंगावर शेवटचे लुगडे माहेरचे पडते. ते न येता तिला हलवत नाहीत आणि दिवस मावळल्यावर दहन करत नाहीत. मामांनी हिरव्या लुगड्याची घडी धुतल्या पंच्यात बांधली. कोपऱ्यावरच्या टांगेवाल्याने काही न विचारता घोडा जोडला. मी बरोबर बसलो.

पाच कोस मामांनी घडी मांडीवर धरून ठेवली होती. नाका जवळ आला तेव्हा मला सुचले ते मी बोललो, आणि ते बोलल्याची लाज मला अजून आहे. मी म्हणालो, “मामा, लुगडे अंगाभोवती गुंडाळून घ्या. अंगावरच्या कपड्याला जकात नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “कोरं लागतंय,” ते म्हणाले. “एकदा कुणी अंगाला लावलं की ते चालत न्हाय.”

मुन्शींनी टांगा लांबून ओळखला होता. “आओ मामा! इस साल जल्दी? बहन किधर है?” असे म्हणत ते सवयीने पाणपोईकडे बघू लागले. मामा खाली उतरले. त्यांनी पंचा सोडून घडी टेबलावर ठेवली.

“मुन्शीजी, घडी हाय. शिक्का मारा.”

मुन्शी उभे राहिले. त्यांनी घडीकडे पाहिले, टांग्यात पाहिले, मग डोक्यावरची टोपी सारखी केली. हळू आवाजात ते म्हणाले, “ले जाओ, मामा. ऐसेच ले जाओ. मैंने कुछ देखा नहीं.”

मला वाटले, हेच तर मामांना नऊ वर्षे हवे होते. मामांनी मान हलवली.

“न्हाय. फुडं गस्तवाले फिरत्यात. बिनशिक्क्याचं म्हणून त्यांनी वाटंत धरून ठिवलं तर दिवस बुडंल. मारा तुमी.”

त्यांनी जकात दिली. मुन्शींनी वही काढली, पावती फाडली. शिक्क्याचा लाकडी दट्ट्या त्यांनी आधी स्वतःच्या रुमालाने पुसला, शाईवर टेकवला आणि हात तसाच वर धरून विचारले, “किधर मारूं, मामा?”

मामांनी लुगड्याचा एकेक पदर बाजूला केला. विणकराची बोटे ती; कुठला भाग कुठे येतो हे त्यांना न बघता कळत होते. आतल्या अंगाची एक कड त्यांनी पुढे केली. “हितं. तोंडावर येणार न्हाय.”

दिवस बुडायला तासभर होता तेव्हा आम्ही पोहोचलो. अंगणात माणसे उभी होती. मामांनी लुगडे एका थोरल्या बाईच्या हातात दिले आणि तिला बाजूला घेऊन सांगितले, “आतल्या अंगाला एक डाग पडलाय. तेवढा खाली दुमडा.” सगळे वेळेत पार पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. नाक्यावर मुन्शी बांबूचा दोर धरून आधीपासून उभे होते. बांबू वर होता. मामांनी टांगा थांबवला, खाली उतरले आणि दोराला हात घातला. मुन्शींनी सोडला. मामांनी बांबू हळूच खाली आणला, पुन्हा वर नेला.

“लई हलका हाय की हो,” ते म्हणाले. “मला वाटलं हुतं जड असंल.”

मुन्शींनी दोर परत घेतला. “मामा, दिवाली को आना.”

“आता कशाला?”

“झगडने को.”

मामा टांग्यात चढले.

घरी आल्यावर त्यांनी माग चालू केला, आणि पुढल्या बारा दिवसांत त्यांनी कुणाला एकही प्रश्न विचारल्याचे मी ऐकले नाही. भाऊबीजेला मला सुटी नव्हती. संध्याकाळी कचेरीतून परतलो तेव्हा दोन्ही माग बंद होते आणि दाराशी मामांच्या वहाणा नव्हत्या. ते सकाळीच तुळजापूरच्या वाटेला लागले, असे समोरच्या वाण्याने सांगितले. मी खोलीत जाऊन दिवा लावला आणि ते येईपर्यंत दार उघडे ठेवले.