नाल्याच्या अलीकडचं घर

कमलीबाई पावरा जानेवारीपासून सात वेळा धडगावच्या कचेरीत जाऊन आली होती, आणि सातही वेळा तिला एकच उत्तर मिळालं होतं: पाया जुन्या जागीच घालायचा. आठव्या खेपेला जीपवाल्यानंच विचारलं, "मावशी, तुले तठेच खोली भाड्यानं लई देऊ का?" तिला हसू आलं नाही. मार्च संपेपर्यंत पाया दिसला नाही तर मंजूर झालेलं घरकुल रद्द होणार होतं. कुडाच्या घरात बेचाळीस पावसाळे काढलेल्या बाईला पक्क्या भिंतीची किती हौस असते, हे कचेरीतल्या पंख्याखाली बसून कळत नाही.

भानगड अशी होती. मागल्या उन्हाळ्यात यादी करणारे पाड्यावर आले, कमलीला तिच्या घरापुढं उभं केलं, मोबाइलवर फोटो काढला आणि गेले. फोटोबरोबर जागाही मोबाइलात नोंदली जाते, हे तिला कुणी सांगितलं नाही. पुढं श्रावणात तिची एकुलती एक पोर दिवली, आश्रमशाळेत चौथीला होती ती, सुट्टीला घरी आली आणि तापानं फणफणली. झोळीत घालून डांबरी रस्ता गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

कमलीचा थोरला दीर जान्या पाड्याचा बडवा. देवाधर्माचं, दुखण्याखुपण्याचं तोच बघायचा. तो म्हणाला, या जागेनं पोर खाल्ली, आता पाणी ओलांडून पलीकडं चला. मग पाडाभरची माणसं लाहला आली. लाह म्हणजे एकाच्या कामाला सगळ्यांनी हात लावायचा, मजुरी घ्यायची नाही, जेवण तेवढं त्या घरचं. एका दिवसात खांब उपटले, कुड सोडवले, कौलं डोक्यावरून नेली आणि नाल्यापलीकडं तेच घर पुन्हा उभं केलं. घर हललं हे सरकारला कळवायचं असतं, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. सांगायचं तरी कुणाला, नाल्याला?

आता मोबाइल म्हणत होता घर अलीकडं आणि कमली म्हणत होती पलीकडं. मोबाइलचं ऐकणारे जास्त होते.

तिचा नवरा फत्तेसिंग ऊसतोडीला गुजरातेत. होळीला आला, तीन दिवस राहिला, "तुला पटेल ते कर" म्हणाला आणि पुन्हा गेला. पुरुषांचं हे एक बरं असतं. कमलीचा मात्र पाय ठरेना. भाकरी थापता थापता ती उठून दाराशी जाई, नाल्याअलीकडच्या जुन्या जागेच्या उघड्या चौकोनाकडं बघे आणि तव्यावरची भाकरी करपे. तिथं पाया घातला नाही तर घर जातं. घातला तर पोरीच्या मरणावर चूल मांडावी लागते. दोन्हीकडून ती अडकली होती.

आठव्या खेपेला घरकुलाचा इंजिनिअर हेमकांत कचेरीत एकटाच सापडला. कोरीट गावच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा, तिशीचा, मनानं वाईट नाही. पण चांगल्या मनाला वरून सही लागते.

"मावशी, तठेच पाया घाल," तो म्हणाला. "फोटो व्हवू दे. मंग ऱ्हाय तुले पटी तठे. समदा लोक असंच करतस."

"त्या जागानी मन्ही पोर खादी, भाऊ. तठे मी नही ऱ्हासू. रिकामं घर बांधीसन काय करू? सरकारले दखाडू?"

हेमकांत कागद चाळत राहिला. कमलीचा मात्र तोल सुटला. "तू एकदाव वर ये," ती टेबलावर हात आपटून म्हणाली. "पायघाई चालीसन ये. मंग मले सांग, पाया कोठे घालू."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तो खरंच आला, घामाघूम होऊन, बूट हातात घेऊन. कमलीनं त्याला जुन्या जागेवर नेलं, पण स्वतः दहा पावलं लांबच थांबली. खांबांचे खड्डे अजून दिसत होते. हेमकांतनं ते वाकून बघितले. मग मोबाइल काढून म्हणाला, नोंदलेल्या जागेच्या भोवती थोडी सूट असते, ती कुठपर्यंत जाते ते बघू; आत असलो तर हिरवं, बाहेर गेलो तर लाल.

तो नाल्याकडं चालू लागला. कमली त्याच्या मागं. मोबाइलवर हिरवं होतं तोवर तिचा श्वास चालत होता. मोहाचं झाड मागं पडलं, हिरवं. उंचवट्यावर आले, हिरवं. नाल्याला पाचसहा पावलं उरली आणि लाल झालं. हेमकांतनं हात लांब केला, वाकला, एका पायावर उभा राहिला. लालच.

"आठेच," तो मागं सरून पायाखालची जागा दाखवत म्हणाला. "याना पुढे मन्हा हातमां काही नही."

पलीकडच्या काठावर बसून जान्या हे सगळं बघत होता. कमलीनं त्याला पावरी बोलीत हाक मारून विचारलं, इथं चालेल का? जान्यानं मान हलवली. पाणी ओलांडलं नाही, तर जागा तीच.

कमली मटकन खाली बसली. एवढ्या वणवणीनंतर अंतर राहिलं होतं पाचसहा पावलांचं, आणि ते ना देव सोडत होता ना सरकार. तिला रडूही येईना, नुसता संताप आला. नाल्याची बारकी धार उन्हात वाहत होती. याच काठाला वरच्या अंगाला जान्याच्याच शेताला पाणी नेणारा मातीचा पाट होता, डोंगराच्या कडेकडेनं काढलेला. कमली त्याच्याकडं बघत राहिली आणि एकदम उठली.

"दादा," ती ओरडली, "मी पाणी ओलांडायचं, की पाण्यानं मला ओलांडलं तरी चालेल?"

जान्याला आधी समजलं नाही. तिनं हातानं रेघ दाखवली: वरून पाट फोडायचा, जुनी जागा आणि हा उंचवटा यांच्या मधून काढायचा आणि खाली पुन्हा नाल्याला सोडायचा. म्हणजे मेलेल्या जागेच्या आणि घराच्या मधे वाहतं पाणी. जान्या उठला, काठाकाठानं वर गेला, उतार बघून आला. म्हाताऱ्यानं चिलीम संपेपर्यंत विचार केला.

"पाणी ते पाणीच," तो शेवटी म्हणाला. "उद्या लाह बोलव."

दुसऱ्या दिवशी सत्तावीस माणसं आली. दुपारपर्यंत पाट वाहू लागला, संध्याकाळपर्यंत पायाचा चर झाला. रात्रीचा मुक्काम जान्याकडं केलेल्या हेमकांतनंही दोन पाट्या माती टाकली, त्यात अर्धी स्वतःच्याच अंगावर.

मग त्यानं तिला चरात उभं केलं आणि फोटो काढला. हिरवं झालं. माहिती तपासता तपासता त्याचं बोट थांबलं.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "कुटुंबमां तीन जण लिखेल शेतस. दिवलीनं नाव कमी करू का?"

कमलीच्या पाठीमागं पाट वाहत होता. ती वळली, पाण्यापलीकडच्या त्या खड्ड्यांकडं तिनं पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"ऱ्हावू दे," ती म्हणाली. "तिले बी घर लागी."