खिडकीवरचा माझा विनोद

"काकांची रॅम कमी आहे. रिस्टार्ट मारा यांना!"

छोटे साहेब ओरडले आणि गोदामाचं अख्खं ऑफिस हसलं. सगळ्यांत आधी मी हसलो. सवयच तशी. विनोद माझाच होता.

खिडकीबाहेर माझे वडील उभे होते.

ऑफिसात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "घरी शेती आहे," एवढंच मी सांगून ठेवलेलं. बाबा त्याच गोदामात हमाल. हमाल मुकादमाच्या नावावर चालायचे, त्यांची आडनावं आमच्या यंत्रात नव्हतीच. त्यामुळे माझं सोंग दोन वर्षं खपलं.

मी कोण? तर कॉम्प्युटर ऑपरेटर. अंबाडी गावातल्या क्लासात तीन महिने शिकलो. टायपिंग कच्चं, तोंड पक्कं. चहावाल्याला उशीर झाला की विचारायचो, "डाउनलोड चालूय का रे?" ठाण्याहून गाडीने येणारे मालकाचे चिरंजीव, म्हणजे छोटे साहेब, खूश. त्यांना हसवलं की मला वाटायचं, आपण त्यांच्यातलेच. मग हमालांवर घसरलो. कुणी अडखळला की, "रॅम कमी." म्हणजे आठवण तोकडी, डोकं मंद. हमालांना कळायचं नाही. तीच तर मजा होती. थू माझ्या मजेवर.

त्या दिवशी बाबांच्या हाताला फडकं बांधलेलं. कापडाची गासडी बोटांवर पडली होती. इस्पितळाला ऑफिसचं पत्र हवं होतं. त्याशिवाय कामगार म्हणून उपचार मिळत नव्हते. छोट्या साहेबांनी विचारलं, "तारीख?"

बाबा आठवत राहिले. मग म्हणाले, "बाजाराच्या आदल्या रोजी लागलं. तारीख ठाव न्हाय."

आमच्याकडे दिवस असेच मोजतात. मीही तसेच मोजत वाढलो.

तेव्हा तो रॅमचा विनोद आला. मी हसलो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाले, "साहेब, तुमीच लिवा ना तारीख."

साहेब. मीच शिकवलेलं. ऑफिसात ओळख दाखवू नका, साहेब म्हणा.

मी उठलो.

"साहेब न्हाय, बाबा. तुमचा पोरगा हाय मी."

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या.

"अरे, जोक होता," छोटे साहेब म्हणाले. "तूच तर करतोस."

"मीच करतो. माझी लाज मी बघतो. तुम्ही माझ्या बापाची माफी मागा."

"नाहीतर काय करशील?"

"चलान मारणार नाही."

बाहेर सहा ट्रक उभे होते. मालाच्या चलानाशिवाय गाडी सुटत नाही, आणि ते यंत्रावर मारणारा मी एकटाच. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरा, नोकरी जाईल." मी बसलो, ते फक्त पत्र टाइप करायला. बाजाराच्या आदल्या दिवसाची तारीख काढून घातली. बाबांचं नाव आडनावासकट टाइप केलं. ट्रकवाले हॉर्न बडवू लागले तेव्हा छोट्या साहेबांनी सही केली. माफी मागितली नाही. पत्र हाती आलं म्हणून मी चलानं मारली. बाबांची दोन बोटं पुढे कधी वाकली नाहीत.

ती कॉम्प्युटरची भाषा मी सोडलेली नाही. ऑपरेटर ऑपरेटरशी बोलताना हँग म्हणतो, फॉरमॅट म्हणतो, काम पटकन होतं. पण खिडकीवर माणूस आला की ती बंद. यंत्र अडकलं तर सांगतो, "यंत्र अडकलंय, तुमची चूक न्हाय."

आणि आतून कुणी खिडकीवरच्या माणसाला हसलं, तर मी हात कीबोर्डवरून उचलतो. मालक असो, मालकाचा पोरगा असो. कामावरून काढायचं तर काढा. माफी मागेपर्यंत एकही गाडी हलणार नाही.