आज किती मेली?

संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. वेळ एवढी पक्की कशी आठवते, तर आमच्या चाळीत पाण्याचा पंप तेव्हाच सुरू व्हायचा आणि तेव्हाच ते पहिल्यांदा रडलं. माझी फजिती सांगते, पण एक अट आहे. आधी घाबरायचं, मग हसायचं. मी पण त्याच क्रमानं गेलेय!

वसईजवळ तुळिंजला दामूशेटच्या बैठ्या चाळीत आमची खोली. वर पत्रे, पत्र्यांखाली माळा. शेजारची खोली रिकामी, कुलूप लावलेली. मधली भिंत माळ्यापर्यंत येऊन संपलेली. म्हणजे खोल्या दोन, पण वरचा अंधार एकच.

मी देवाजवळ दिवा लावत होते. पिंकी, माझी दीड वर्षाची लेक, चुरमुरे वेचत बसलेली. पंप थडथडायला लागला आणि भिंतीपलीकडून, वरून कुठून तरी आवाज आला.

"माँऽऽ..."

मांजर? छे हो! मांजर असं थांबून थांबून हाक मारतं का? घोगरा, लांबलेला आवाज. तान्हं बाळ तान्हं असतानाच म्हातारं झालं तर कसं रडेल, तसा. पंप बंद झाला, तसं ते पण गप्प. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी म्हटलं, बघा कसं हुशार आहे, पंपाच्या आवाजाआड लपून रडतंय!

तुम्ही म्हणाल, मग खोली बदलायची. कशाच्या जिवावर? हे वसई पूर्वेला एका गाळ्यात विजेची बटणं जोडायचे. दिवसभर उभं राहून महिन्याला अठराशे. त्यातले सातशे भाड्यात. मग दूध, रॉकेल, टँकरचं पाणी. वीस तारखेनंतर आमची डाळ एवढी पातळ व्हायची की ताटात तोंड दिसायचं. एव्हरशाईन सिटीत नव्या बिल्डिंगा उठत होत्या. ह्यांनी जोडलेली बटणं तिथल्या भिंतींवर लागायची. त्यातली एक भिंत भाड्यानं घ्यायची म्हटली तरी आम्हाला परवडली नसती!

आणि त्याच आठवड्यात दामूशेट सांगून गेलेला, "वयनी, दिवालीपासून नऊशे. पानी म्हाग झालंय, मी तरी काय करू?"

हे जेवता जेवता खाली मान घालून म्हणाले, "नऊशे झालं तर तू आणि पिंकी गावाला जा. मी चौघांत कुठंतरी पडेन."

वर्षातून दोनदा बाप बघणारी मुलं आमच्या गावात घरोघर आहेत. बाप आला की आईच्या पदराआड लपतात. माझी पिंकी त्यांच्यात बसणार? तेव्हा त्या रडण्याला मी घाबरत होते खरी, पण नऊशेला जास्त.

आता माझ्या कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पिंकीला सांभाळून मी घरी बाहुल्या जोडायचे. खेळण्यांच्या गाळ्यावरून धडं, मुंडकी, हातपाय गोणीत भरून यायचे. पोटात आवाजाची डबी बसवायची, मुंडकं दाबायचं, मग बाहुली आडवी करून बघायची. "माँ" म्हणाली तर ती रडकी. रडकीचे पंचवीस पैसे. नाही रडली तर ती मेलेली. मेलेलीचे काही नाही. मुकादम म्हणायचा, "मेलेल्या परत आणू नका, तिकडेच फेका."

पण कशा फेकायच्या हो? डोळे उघडे, गाल गुलाबी. लेकुरवाळ्या बाईनं बाळ उकिरड्यावर टाकायचं? मी पायाला खुणेचा लाल दोरा बांधून त्यांना माळ्यावर ठेवायचे, भिंतीकडे तोंड करून. आमचा माळा भरला की केरसुणीनं पलीकडे ढकलायचे. भर पावसाळ्यात डब्यांना ओल लागून बऱ्याच गेल्या. मग मी ते विसरूनही गेले.

आणि घरात आमचं बोलणं कसं, तर हे कामावरून आले की चपला काढता काढता विचारायचे, "आज किती मेली?"

"तीन."

"कुठं टाकलीस?"

"वर, अंधारात. इथं दिसली की पिंकी हट्ट करते."

"नीट ठोकून बघितलंस ना?"

"दोनदा ठोकली. हूं नाही की चूं नाही!"

आमच्या दुसऱ्या बाजूला शेवंतामावशी राहायच्या, साताऱ्याकडच्या. कान असा तिखट की आमच्या तव्यावर भाकरी फिरली तरी त्यांना कळायचं. हे सगळं त्यांच्या कानावर रोज जात होतं, हे मला काय माहीत!

रडण्याच्या चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडे धावले. "मावशी, तुम्हाला पण ऐकू येतं का? तान्हं पोर रडल्यासारखं?"

मावशींनी हातातलं सूप छातीशी धरलं. "ऐकू येतंय की. तुला काय वाटतंय, कुणाचं आसंल?"

"कुणाचं का असेना, मला तर वाटतं मलाच बोलावतंय!"

"बोलावणारच बाई," मावशी मागे सरकत म्हणाल्या, "त्यानं कुणाला बोलवायचं मग?"

दुसऱ्या दिवशी आमच्या उंबऱ्याबाहेर लिंबू. त्यावर हळदकुंकू, बाजूला दहीभात. माझे डोळे भरून आले. म्हटलं, परक्या मुलखात माझ्या रक्षणासाठी एवढं कोण करतं! मी मावशींना वाटीभर शिरा नेऊन दिला. त्यांनी तो वाटीसकट गटाराकडेला ठेवला. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. चाळीतल्या बायका नळावर मला आधी पाणी भरू द्यायच्या. मी म्हणायचे, किती माया!

रिकामी खोली बघायला गिऱ्हाईकं यायची, शेवंतामावशींशी दोन शब्द बोलायची आणि चप्पल हातात घेऊन पळायची. शेवटी दामूशेट आला. दारातूनच बोलला, आत पाऊल नाही.

"वयनी, नऊशेचं सोडा. सहाशे द्या. पन खोली सोडू नका. तुमी पन गेलाव तर चाल वसाड होयेल माजी."

सहाशे! हे त्या दिवशी जिलेबी घेऊन आले. मी भिंतीकडे बघून हात जोडले. म्हटलं, रड बाबा, काय रडायचं ते रड.

इथेच गप्प बसायला हवं होतं ना? पण एका संध्याकाळी पंप सुरू झाला, ते रडलं आणि माझी पिंकी उठून भिंतीपाशी गेली. गाल भिंतीला टेकवला आणि हळूच म्हणाली, "बाळ, ये."

पलीकडून लगेच, "माँऽऽ."

पिंकी हसली. दोन्ही हात वर केले, कुणीतरी उचलून घ्यावं तसे.

सहाशे गेले खड्ड्यात! पोरीला उचलली आणि ओरडत बाहेर पळाले. दुसऱ्या दिवशी पंपाच्या वेळेला दामूशेटला किल्ली घेऊन बोलावलं. हे शिडी घेऊन, मी पिंकीला कवटाळून, मागे अख्खी चाळ. कुलूप निघालं. आत कोंदट अंधार. पंप थडथडला. टाकीचा पाईप माळ्यावरून जायचा, तो थरथरायला लागला. ह्यांनी वर बॅटरी मारली.

पाईपावर ओळीनं मुलं पडलेली! तोंडं धुळीनं काळी, डोळे सताड उघडे. पाईप हलला, एक मान आमच्याकडे वळली.

"माँऽऽ..."

शेवंतामावशी जागेवरच बसल्या. आणि मी? मला त्या पोराच्या पायाला बांधलेला लाल दोरा दिसला. माझी खूण! मी आनंदानं किंचाळले, "अगंबाई, ही तर माझीच मेलेली!"

सगळी चाळ चार पावलं मागे.

"अहो, मीच टाकली ना वर! पावसात ओल लागून मेली, आता ऑक्टोबरच्या उन्हात पत्रा तापला, डब्या सुकल्या आणि झाली जिवंत!" मी एकेक बाहुली खाली घेतली, आडवी केली, सगळ्यांना रडवून दाखवली. "हे बघा, भूतबीत काही नाही! निर्धास्त राहा!" काय तो माझा तोरा! मावशी एवढंच म्हणाल्या, "मेले, माझा दहीभात वाया गेला की गं."

सगळ्यात मोठ्यानं हसला दामूशेट. डोळे पुसले, आणि म्हणाला, "म्हंजे वयनी, खोलीत भूत नाय?"

"मुळीच नाही!" मी छाती काढून सांगितलं.

"नक्की ना?"

"पिंकीची शपथ!"

"मंग दिवालीपासून नऊशे."

ह्यांनी कपाळाला हात लावला.

गावाला जायचं कसंबसं टळलं. हे दोन पाळ्या करायला लागले आणि मी दुप्पट गोण्या आणायला लागले. त्या जिवंत झालेल्या बाहुल्या मोजल्या, बारा भरल्या. मुकादमानं परत घेतल्या आणि माझ्या हातावर रोख तीन रुपये ठेवले. म्हणजे तीन रुपये कमावले आणि महिन्याचे तीनशे घालवले. एवढा हिशेब सातवी पास बाईला पण येतो!

म्हणून हात जोडून सांगते, तुळिंजकडे कुणी खोली बघायला जाणार असेल, तर त्याला जरूर सांगा की दामूशेटच्या चाळीत संध्याकाळी तान्हं बाळ रडतं. चार जणांना सांगा, त्यांना आणखी चार जणांना सांगायला सांगा. आणि कुणी विचारलं की हे कळलं कुणाकडून, तर माझं नाव तेवढं घेऊ नका. मी पिंकीची शपथ घेऊन बसलेय.