पाचव्या शीलापाशी

घाटनांदूरच्या स्टेशनावर मला सोडायला अर्धी वस्ती आली होती. बाबा भेटेल त्याला सांगत होते, "पोरगी जर्मनीला चाललीय, खान्यापिन्याच्या कंपनीत." ही माहिती मीच पुरवलेली. त्यातलं खाणं मी पदरचं घातलं होतं.

कंपनी म्हणजे बिअरचा कारखाना. बांबर्ग शहरात, नदीच्या जवळ, कित्येक पिढ्यांचा. मी तिथल्या लॅबमध्ये यीस्ट सांभाळते. स्वतः थेंबही घेत नाही, याची सहकाऱ्यांना कोण मजा वाटते! कारखान्याला खेटूनच सगळा मोहल्ला आहे: उतरत्या छपरांची घरं, दगडी गल्ल्या, रविवारी चर्च सुटलं की थेट कारखान्याच्या अंगणातल्या बाकांवर येऊन बसणारी म्हातारी मंडळी. बार्ली शिजू लागली की गल्लीभर घुगऱ्यांसारखा वास सुटतो. पहिल्या महिन्यात त्या वासानं मला रडू यायचं, अन् मग लाज वाटायची. माझे धाकटे काका दारूपायी गेले. त्यानंतर बाबांनी वस्तीतल्या बायांना सोबत घेऊन दारूचं दुकान उठवलं होतं. अशा माणसाला काय तोंडानं सांगणार?

तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत त्यांना ठाऊक असेल, घरी सांगितलेली नोकरी वेगळी असते अन् करायची वेगळी. माझं चार वर्षं निभलं. दर रविवारी बाबा विहारातून व्हिडिओ कॉल लावायचे आणि आम्ही सगळे मिळून पंचशील म्हणायचो. पाचवं शील मद्य वर्ज्य करण्याचं. तिथं मी नुसते ओठ हलवायची.

मागच्या महिन्यात वंदना झाल्यावर बाबा फोन घेऊन बाहेर ओट्यावर आले. "पाचव्याला कावून गप होतीस गं दर टायमाला?"

सांगून टाकलं सगळं.

बाबांनी आधी एवढंच विचारलं, "पितीस?"

"न्हाई, बाबा."

"तुझं काम मला पटलं न्हाई, पटनार बी न्हाई. पन ते पाचव्याचं. चौथं तर लई मोठ्यानं म्हनत होतीस की, खोटं बोलनार न्हाई म्हनून!"

आता पुन्हा फोन येत नाही, असं मी धरूनच चालले होते. पुढच्या रविवारी आला. बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आमची पोरगी बिअरच्या कारखान्यात हाय." कुणी हसलं, एका मावशीनं तोंड फिरवलं. मग वंदना सुरू झाली.

घर म्हणजे माझं कौतुक होतं ती जागा, असं मी इतकी वर्षं समजत होते. बाबांना आता माझी लाज वाटते, अन् तरी दर रविवारी फोन तेच लावतात.