कच्चा हिरवा

भीमा शिवशरणशी पहिल्यांदा हात मिळवणारा माणूस नंतर आपला तळहात उलटून बघतो. रंग लागला की काय, ही शंका. त्यात त्या माणसाची चूक नाही. चौतीस वर्षं हा गृहस्थ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका डाइंगमध्ये टॉवेल-चादरींचं सूत रंगवतो आहे. नखांच्या कडा कायमच्या निळ्या, तळहाताच्या रेषा किरमिजी आणि हिरव्या. साबण, रॉकेल, लिंबू, सगळं करून झालं. लग्नाच्या पंगतीत शेजारचा नवा पाहुणा आधी त्याच्या हाताकडे बघतो आणि मग त्यानं कालवलेल्या भाताकडे. भीमा घास थांबवत नाही. "पक्का रंग हाय, उतरत न्हाय. जेवा निवांत," एवढंच सांगतो.

पक्का आणि कच्चा हे त्याचे दोन लाडके शब्द. सुताला लावतो, माणसांना लावतो आणि निवडणुकीतल्या आश्वासनांना तर हमखास लावतो.

पक्ष्यांचा नाद त्याला लागला तोही रंगापायीच. बावीस वर्षांपूर्वी अवधूत पुराणिक नावाचे मराठीचे शिक्षक चार जुन्या पांढऱ्या चादरी घेऊन डाइंगच्या दारात उभे राहिले. नान्नजच्या माळावर पक्षी बघायला आडोसा करायचा होता. चादरी गवताच्या रंगाच्या करून द्या, म्हणाले. भीमानं विचारलं, कुठल्या महिन्यातल्या गवताच्या? सरांना उत्तर देता येईना. श्रावणातलं गवत वेगळं, मार्गशीर्षातलं वेगळं, हे सर वर्गात शिकवत असतील, पण चादरी आणताना त्यांच्या डोक्यात नुसतं "हिरवं" होतं. शेवटी रविवारी त्यांनी भीमाला गवतच दाखवायला नेलं. भीमानं गवत बघितलं, आणि गवतात उभा असलेला एक धाविक पक्षी बघितला. तसा विटकरी त्याला टाकीत कधीच साधला नव्हता. अर्धा तास तो उन्हात एका जागी उभा राहिला. चादरी झाल्या की नाही ते आता कुणाला आठवत नाही, पण रविवार मात्र तेव्हापासून सरांचा झाला.

सरांभोवती सात-आठ जणांचं टोळकं आहे आणि टोळक्याची एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, शाईनं लिहिलेली. जिल्ह्यात जो पक्षी पूर्वी कधी दिसला नाही तो दिसला, तरच त्या वहीत नवी ओळ पडते. पक्षी कुठला, कुठे दिसला, प्रथम कोणी पाहिला, रानातला की पिंजऱ्यातून सुटलेला, आणि शेवटचा रकाना "खात्री". पहिल्या पानापासून परवापरवापर्यंत या शेवटच्या रकान्यात एकच सही होती, अ. पुराणिक. सरांची खात्री झाल्याशिवाय पक्षी वहीत जात नाही, मग बघणारा कितीही शपथा घेवो.

"प्रथम कोणी पाहिला" या रकान्यात दातांची डॉक्टर असलेल्या सईचं नाव चार वेळा आहे. जो माणूस फक्त पोह्यांसाठी दोनदा आला, त्याचंही एकदा आहे. बावीस वर्षांत भीमाचं एकदाही नाही. कारण उघड होतं. एका पक्ष्याच्या पाठीवरचा रंग बघत हा मागे राहायचा आणि पुढचा पक्षी पुढे गेलेल्यांना दिसायचा. भीमा कधी बोलला नाही. पण त्याला त्या रकान्यात आपलं नाव हवं होतं, फार हवं होतं, आणि हे त्याच्या बायकोला, येसूबाईला, पक्कं ठाऊक होतं.

मग या भाद्रपदात ते घडलं. दोघं गाडीवरून मंद्रूपला भाच्याच्या सुपारीला चालले होते. ओढ्याच्या काठी पाणकणसं दाट वाढली होती, तिथे लाल मुनियांचा थवा उतरला होता. नर लालचुटुक, माद्या मातकट. आणि त्यांच्यात एक हिरवी. हिरवी पाठ, पिवळसर पोट, लाल चोच. भीमानं गाडी थांबवली ती थांबवलीच. हिरवी मुनिया सोलापूर जिल्ह्यात कुणी कधी पाहिलेली नव्हती. येसूबाई आहेराची पिशवी मांडीवर घेऊन बाभळीखाली तासभर बसली. सुपारी फुटून गेल्यावर दोघं पोचले आणि तिच्या माहेरच्यांनी भीमाला जे सुनावलं ते त्यानं हसतमुखानं ऐकून घेतलं. त्याच्या कानात काही शिरतच नव्हतं.

सरांनी बातमी ऐकली आणि नेहमीचे प्रश्न विचारले. सुटलेला पक्षी ओळखायचे ते त्यांचे ठरलेले प्रश्न. पायात कडी होती का? नव्हती. शेपटी-पंख कातरलेले, पिंजऱ्याला घासून झिजलेले? नाही, शाबूत होते. माणसाला भीत होती का? चाळीस पावलांवरून उडाली. मग ती एकटी होती की कुणाबरोबर? थव्याबरोबर, त्यांच्यातलीच एक होऊन. सरांनी मान डोलावली. हिरव्या मुनियेच्या कुशीला काळे-पांढरे पट्टे असतात, ते तेवढे भीमाला दिसले नव्हते, गवत आड येत होतं. दोन दिवसांनी सई मोठा कॅमेरा घेऊन गेली. तिलाही एकच फोटो मिळाला आणि त्यातही गवत नेमकं कुशीवर. पण फोटो देखणा होता. सरांनी तो बघितला आणि म्हणाले, रानातलीच. रविवारी वहीत घेऊ.

येसूबाईनं ही गोष्ट गल्लीभर केली. सुपारी चुकवली ती उगाच नाही, हे तिला माहेरच्यांना कळवायचं होतं. सईनं तर फोटो मोठा करून, चौकटीत बसवून घरी आणून दिला. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली, हातभर जागा सोडून, भीमानं तो खिळ्याला लावला.

आणि तिथेच घात झाला.

गुरुवारी भीमा समोर बसून भाकरी खात होता. दारातून ऊन थेट फोटोवर आलं होतं. मुनियेच्या पंखावर पाच-सहा ठिपके दिसत होते. पंख शेवाळी, आणि ठिपके मात्र पोपटी, उजळ. सगळ्यांना ते उन्हाचे कवडसे वाटले होते, त्यालाही वाटले होते. आता मात्र घास तोंडाशी राहिला. असे ठिपके त्यानं चौतीस वर्षं बघितले होते. कोऱ्या, मातकट सुताच्या लडीत चुकून ब्लीच केलेलं सूत आलं आणि दोन्ही एका टाकीत पडलं, की असंच होतं. कोऱ्यावर रंग मळका उठतो, पांढऱ्यावर लख्ख. म्हणजे ते ठिपके मुळात पांढरे होते. मातकट पंखावर पांढरे ठिपके, लाल चोच, म्हणजे लाल मुनियेची मादी. तिला कुणीतरी हिरव्यात बुडवली होती. पोटाचा पिवळा तर हळदीचा दिसत होता.

कुठल्याशा जत्रेत पिंजऱ्यातून रंगवलेल्या मुनिया विकताना त्यानं पूर्वी बघितल्या होत्या. गुलाबी, निळ्या. तेव्हा रंग कसा खराब चढवलाय यावर तो येसूबाईशी बोललाही होता.

तरी शनिवारी पहिली पाळी संपवून तो मंद्रूपच्या रस्त्याला गेला. आपली चूक असावी अशी त्याची मनापासून इच्छा होती. शेताच्या पाइपाचा एक जोड गळत होता, तिथल्या चिखलात थवा अंघोळ करून उडाला. हिरवी त्यात होती. भीमा चिखलाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ शोधून नखाएवढं एक पीस त्यानं उचललं. रुमाल ओला केला, पीस घडीत धरलं आणि डाइंगमध्ये करतात तसं चोळलं. पाखराचा स्वतःचा रंग कापडाला लागत नसतो. घडी उघडली तर पांढऱ्या रुमालावर हिरवा फराटा.

त्याला फार वाईट वाटलं. लहान मुलासारखं रडू येईल असं वाटलं आणि छप्पन्नाव्या वर्षी एका मुनियेपायी रडायचं म्हणून लाजही वाटली. मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्याहून वाईट होता. हे कुणालाच कळलेलं नाही. सर पक्ष्यांतले, सई कॅमेऱ्यातली, रंगातला माणूस टोळक्यात एकच. रुमाल धुऊन टाकला की झालं. रंग कच्चा आहे, पहिल्या पाण्यात जाईल. वहीतली शाई मात्र राहील. तो रुमाल हातात धरून तिथे किती वेळ बसला, ते त्यालाही सांगता येत नाही. उठला तेव्हा रुमाल त्यानं तसाच घडी करून खिशात ठेवला.

रविवारी सरांच्या ओसरीवर सगळे जमले. सरांनी भीमाला चकित करायचं म्हणून ओळ आधीच वळणदार अक्षरात लिहून ठेवली होती. ती त्यांनी वाचून दाखवली. हिरवी मुनिया, मंद्रूप रस्ता, प्रथम पाहिली भीमा शिवशरण यांनी, रानातली. शेवटच्या रकान्यात त्यांची सहीही झाली होती. टाळ्या वाजल्या. भीमानं वही एकदा जवळ घेतली, आपलं नाव नीट वाचलं, आणि मग खिशातून रुमाल काढून त्या पानाशेजारी ठेवला.

"सर, रंग कच्चा हाय," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. कोरं सूत, ब्लीचचं सूत, पांढरे ठिपके, चिखलातलं पीस. सईनं मोबाइलवर फोटो ताणून ताणून पाहिला आणि कपाळाला हात लावला. पोहे निवले. सर रुमालाकडे बघत राहिले. वहीत खाडाखोड चालत नाही हा त्यांचाच नियम होता, आणि बावीस वर्षांत त्यांनी तो मोडला नव्हता. आज त्यांनी पट्टी घेतली आणि त्या ओळीवरून एक सरळ रेघ मारली. भीमाच्या नावावरून रेघ जाताना तो दुसरीकडे, अंगणातल्या तुळशीकडे बघत होता.

सरांनी खाली नवी ओळ लिहायला घेतली. लाल मुनिया, मादी, रंगवलेली. नवा पक्षी नव्हताच, त्यामुळे "प्रथम कोणी पाहिला" हा रकाना कोरा राहिला. मग ते थांबले. "रानातली की सुटलेली? काय लिहू, भीमराव?"

भीमानं विचार केला. "सुटलेलीच लिवा. पन मुळात रानातनंच धरलेली की ती. आता आपल्या मानसांत परत गेलीया. पिसं झडली की वळखू बी येणार न्हाय. ते पन लिवा."

सरांनी तसंच्या तसं लिहिलं, फक्त शुद्ध करून. आणि वही त्याच्याकडे फिरवली. पेन त्याच्या हातात दिलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मी चुकीच्या ओळीवर सही केली होती," ते म्हणाले. "इथं तुमची पाहिजे. खात्री तुम्ही केलीत."

भीमानं आधी हात पँटला पुसला, रंग वहीला लागू नये म्हणून, जणू चौतीस वर्षांत तो कधी पुसून गेला होता. आणि सावकाश, एकही अक्षर न चुकवता, सही केली. पानं मागे मागे उलटत गेलात तर त्या रकान्यात सरांची सोडून दुसरी सही नाही.

घरी येसूबाई दारातच वाट बघत होती. गल्लीतल्या दोघी-तिघी पण होत्या. भीमानं गाडी लावली, आत जाऊन भिंतीवरची चौकट सरळ केली आणि तिला सगळं खरं सांगून टाकलं. मुनिया खोटी निघाली, "प्रथम"च्या रकान्यातलं नाव गेलं, शेवटच्यात लागलं.

येसूबाईनं रुमाल त्याच्या हातातून घेतला, हिरव्या डागाकडे बघितलं आणि तो धुण्यात न टाकता फोटोच्या खिळ्याला अडकवला.

"वही तीच हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग नाव लागलं की." आणि बाहेर उभ्या असलेल्यांना ते सांगायला ती लगेच दारात गेली.