गाडीच्या नरड्यातलं गाऱ्हाणं

विक्रोळीच्या चाळीत मी घरजावई म्हणून राहायला आलो तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा, एक गेलेली नोकरी आणि चारचाकीचं लायसन्स होतं. त्यातलं लायसन्स तेवढं सासऱ्यांच्या कामाचं. सासरे, म्हणजे आमचे मामा, गिरणी बंद पडल्यावर बरेच उद्योग करून शेवटी पाण्यात उतरले होते. अंधेरीतल्या ऑफिसांना पिण्याच्या पाण्याचे जार पोचवायचे. त्यासाठी त्यांची एक जुनी डिझेल पिकअप होती. तिच्यावर त्यांना आपल्या मुलाला बसवायचं होतं, पण त्याचं लायसन्स अजून निघायचं होतं.

"झिलाचा लायसन येयपर्यंत तू चलव," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, सगळ्यांसमोर, मी जेवत असताना. घास तोंडात होता म्हणून मी मान हलवली.

हा मेहुणा रोज जिमला जायचा. त्याचे दंड वाढले होते, बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. त्याचं लायसन्स आलं की माझं स्टिअरिंग जाणार आणि त्या घरात मी निव्वळ जेवणारा माणूस उरणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी ती गाडी बायकोपेक्षा जास्त जपत होतो. बायकोनेच हे मला सुनावलं होतं.

तर गाडी सर्व्हिसिंगला कुर्ल्याला नेली. ऑइल, क्लच प्लेट, ब्रेक लायनर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, सगळं नवं घातलं. परत आणल्यावर मामांनी चाळीच्या तोंडाशी रीतीप्रमाणे गाडीसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आमच्या मालवणी घरात नवं काही सुरू करताना वडीलधारा माणूस देवाला मोठ्याने साकडं घालतो आणि भोवतीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. नारळ फुटला. एक कवड, गुळाचा खडा, तांदूळ आणि अंगारा लाल फडक्यात बांधून त्यांनी माझ्या हातात दिला.

"ह्यां गाडीत ठेव."

आता अंधेरीच्या काचेच्या इमारतींतले सिक्युरिटीवाले माझ्याकडे आधीच वरून खाली बघायचे. त्यात डॅशबोर्डवर लाल गाठोडं कुठे ठेवू? म्हणून मी डोकं चालवलं. बॉनेट उघडलं, हेडलाइटच्या मागे काळ्या पाइपाचं एक रिकामं तोंड दिसलं. रिकामंच आहे, कुणाच्या कामाचं नाही, असं समजून गाठोडं त्यात चांगलं ठासून बसवलं. देव गाडीत आणि लोकांना दिसत नाही. मी स्वतःवर इतका खूश झालो की संध्याकाळपर्यंत ती गोष्ट विसरूनही गेलो.

तो पाइप म्हणजे गाडीचं नाक होतं. इंजिनाला लागणारी सगळी हवा तिथून आत जायची.

आठवड्याभरात ॲव्हरेज पडलं. मामा टाकी गळ्यापर्यंत भरून घ्यायचे, पुन्हा तशीच भरेपर्यंत गाडी किती धावली ते मनात धरायचे. कागद नाही, पेन नाही. त्यांनी पंपावरच मला विचारलं, "जावयबापू, डिझेल पितास की इकतास?"

पंपावरची पोरं हसली. मीही हसलो, तो माझा दुसरा मूर्खपणा. हसणारा माणूस चोर दिसतो.

त्या दिवसापासून डिझेलच्या टाकीला कुलूप लागलं आणि किल्ली मामांच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात गेली. शिवाय ते स्वतः माझ्या शेजारी बसू लागले. आरेच्या चढावर गाडी खोकायची, मागे काळा धूर सोडायची. तिथे म्हशी नेणारा एक भय्या रस्त्याच्या कडेला थांबून नाकाला गमछा लावायचा, आणि मामा खिडकीतून त्याला सांगायचे, "माफ करा हां, जावई चला रहा है."

मी मोबाइलवर व्हिडिओ बघून कारणं शोधायला लागलो. टायरमधली हवा तपासली, बरोबर होती. मग म्हटलं, नवे लायनर घट्ट बसले असतील, चाकं धरून ठेवत असतील.

"असां?" मामा म्हणाले. "न्यूट्रल कर आणि ढकल."

रविवारी सकाळी, अख्खी चाळ दात घासत असताना, मी एकटा ती पिकअप ढकलत होतो. मामा आत स्टिअरिंगवर, कोपर बाहेर काढून. गाडी मात्र सुळकन पुढे गेली, आणि मी मागे रस्त्यावर पालथा.

"बघ कशी पळता. ब्रेकाक काय्येक झालेला नाय. झाला तां तुका झाला."

मेहुण्याने याचा व्हिडिओ काढला. सासरच्या ग्रुपवर तो माझ्या आधी घरी पोचला.

मग मी कुर्ल्याच्या मिस्त्रीवर ढकललं. त्याला शिव्या घातल्या, क्लच सरकतोय म्हटलं, डिझेल पंप बिघडवलास म्हटलं. त्याने एअर फिल्टरचा डबा उघडून दाखवला, फिल्टर आत नवाकोरा. पाइपाच्या दुसऱ्या टोकाला बघायचं त्यालाही सुचलं नाही, मला तर नाहीच. मामा शांतपणे म्हणाले, "गाडी तीच, रस्तो तोच, मिस्त्री तोच. उरलो कोण?" आणि मेहुण्याकडे बघितलं. त्याचं लायसन्स तेव्हा पोस्टाने येऊन कपाटात पडलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

शोध मुंग्यांनी लावला. एका सकाळी पुढच्या टायरवरून त्यांची रांग वर चढून बॉनेटखाली शिरताना मामांना दिसली. त्यांनी बॉनेट उघडलं, रांगेमागोमाग बोट नेलं, पाइपाच्या तोंडात घातलं आणि लाल गाठोडं उपसून काढलं. खोबरं काळं पडलेलं, गुळाचा चिखल.

मला तेव्हा सगळं आठवलं. एकदम.

"मुंग्यांक गावला आणि तुका गावला नाय?" ते म्हणाले. मग आवाज चढला. "गाडीत ठेव म्हटलंय मेल्या, तिच्या नरड्यात घाल नाय म्हटलंय! देवाक कोंडून गाडीचो श्वास बंद केलंस!"

मला वाटलं, चला, निदान चोर नाही हे तरी ठरलं. तेवढ्यात मामांनी घरातून नवा नारळ मागवला. चाळ जमली. त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या माझ्या जावयाक तू दोन हात दिलंस, दोन डोळे दिलंस, पोट तर चांगला मोठा दिलंस..."

"होय म्हाराजा!" चाळ म्हणाली. सगळ्यांत वरचा आवाज माझ्या बायकोचा.

"पण डोक्यात काय घालूचा ता घालूक इसारलंस..."

"होय म्हाराजा!"

"तर ह्याच्या हातातलो स्टिअरिंग काढून माझ्या झिलाच्या हातात दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

यावेळी माझाही आवाज त्यात होता. लहानपणापासूनची सवय, गाऱ्हाणं ऐकलं की तोंड आपोआप उघडतं. बायकोने माझ्याकडे वळून बघितलं. मेहुण्याने हात पुढे केला आणि मी खिशातून चावी काढून दिली.

आता मी मागे बसतो, जार धरून. पाइप मोकळा झाल्यामुळे पुढच्याच टाकीला ॲव्हरेज पूर्वीसारखं झालं. मामांनी पंपावर टाकीचं झाकण लावलं, मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली आणि तिथल्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडी तीच. पण हात बघा झिलाचो!"

पोरांनी माझ्याकडे बघितलं. मी जार सरळ करून घेतला.