ग्रहभंजक तोफ

अकोल्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा कारकून हा जगातला एकमेव शस्त्रनिर्माता असावा, ज्याची शस्त्रं पंखा लावला की उडून जातात. बाजारातून आगगाडीचा कागदी संच आणायचा, त्यातलं इंजिन उलटं चिकटवायचं, चाकं मागे लावायची आणि बोटांवरची वाळलेली खळ सोलत सांगायचं, "भाऊ, हे ग्रहभंजक तोफ हाय. एका बारात चंद्र खल्लास!"

यंदा एप्रिलात त्याच्या बायकोने वर्षभराच्या कुरडया गच्चीवर वाळत घातल्या आणि वानरं हाकलायला याला बसवलं. बायकोने दिलेली काठी जिन्यात टाकून हा तोफ घेऊन बसला. तेवढ्यात म्हशीएवढं वानर आलं.

"हट! डागून देईन!" हा टाकीमागून ओरडला.

वानराने तोफ हुंगली. मैद्याची ताजी खळ जिभेला लागताच त्याने नळीपासून चाकांपर्यंत अख्खी तोफ खाल्ली आणि ढेकर देऊन ते निघून गेलं.

मी जिन्यात हसून लोळत होतो. "काऊन भाऊ, हरले न युद्ध?"

तो शांतपणे बोटांवरची खळ सोलत म्हणाला, "एक तरी कुरोडी गेली काय? मंग तोफ कायले असते, भाऊ?"